शेतावरील मजुरास इजा झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची?

शेतीच्या धंद्यात अपघात पूर्वीही होत असत. मोटेवरचा गडी तोल जाऊन विहिरीत पडे, मारका बैल अंगावर येई, गवत कापताना पान लागे. ह्या गोष्टी दैवाच्या समजल्या जात. धनी औषधपाण्यास चार पैसे देई, माणूस दगावला तर त्याच्या पोरास पदरी ठेवून घेई, आणि प्रकरण तेथेच मिटे. आता मोट गेली व विजेचा पंप आला. पात गेली व मळणी यंत्र, ज्यास आमच्या मराठवाड्यातील बंधू हडंबा म्हणतात, ते खळ्यात येऊन बसले. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, कडबा कुट्टी, पाठीवरचा फवारणी पंप ही तर घरोघरची अवजारे झाली. काम उरकते हे खरे. परंतु पूर्वी विळ्याने बोट कापत असे तेथे आता कोपरापर्यंत हात जातो.

असा हात गेला म्हणजे प्रश्न उभा राहतो की, त्या मजुराच्या पुढील आयुष्याचा भार कोणी सोसावयाचा? ह्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने केव्हाच दिलेले आहे. पण आमच्या शेतकरी बंधूंपैकी पुष्कळांची अशी समजूत आढळते की, नुकसानभरपाईचा कायदा गिरणीवाल्यांसाठी व कारखानदारांसाठी आहे, आपल्या बांधाच्या आत तो येत नाही. ही समजूत एके काळी बव्हंशी बरोबर होती. आज ती धरून चालणे म्हणजे आपली जमीन धोक्यात घालणे होय. महसूल खात्यातील कारकुनीत आमची जी वर्षे गेली, त्यांत अशा वसुलीचे कागद आमच्या टेबलावरून गेले आहेत, म्हणून हे लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम कायदा कसा वाढला ते थोडक्यात सांगतो. कामावर इजा झाली तर मालकाची चूक सिद्ध न करताही मजुरास भरपाई मिळावी, हे तत्त्व युरोपात रूढ झाले. जर्मनीत १८८४ साली अपघात विम्याचा कायदा झाला व दोनच वर्षांनी तो शेती व जंगलकामास लागू करण्यात आला. इंग्लंडात १८९७ साली असा कायदा झाला, त्यातून शेतमजूर प्रथम वगळलेले होते. १९०० साली त्यांस आत घेण्यात आले. आपल्या देशात ‘कामगार नुकसानभरपाई कायदा’ १९२३ साली मंजूर होऊन १ जुलै १९२४ पासून अमलात आला. आगगाडी, गिरण्या, खाणी, जहाजे अशा धोक्याच्या कामांपुरताच तो होता. साधा शेतमजूर त्यात नव्हता. शिवाय ज्याचे काम नैमित्तिक स्वरूपाचे असेल व मालकाच्या धंद्यासाठी नसेल, असा मनुष्यही त्यातून वगळलेला असे. शेतकऱ्यांत जी समजूत अद्याप आहे तिचे मूळ ह्या जुन्या सवलतींत आहे.

पुढे एकेक दार बंद होत गेले. कोणकोणत्या कामांवरील माणसांस कायदा लागू आहे ह्याची यादी कायद्याच्या परिशिष्टात दिलेली असते. ह्या यादीत स्वातंत्र्यानंतर शेतीची कामे घालण्यात आली. ट्रॅक्टरने अथवा वाफ, वीज किंवा अन्य यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या साधनांनी होणारी शेती, यंत्राने होणारी कापणी व मळणी, पिकावर कीटकनाशकांची फवारणी किंवा धुरळणी, नलिकाकूप बांधणे, चालविणे व दुरुस्त करणे, उघडी विहीर खणणे वा खोल करणे, बोअर मारणे, झाडे तोडणे, ही कामे त्यात आपापल्या नावांनिशी आलेली आहेत. नैमित्तिक मजुराची सवलत २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. २००९ च्या दुरुस्तीने ‘कामगार’ ह्या शब्दाच्या जागी ‘कर्मचारी’ हा शब्द आला, कारकुनी कामावरच्या माणसांची सूट गेली, आणि औषधोपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्चही मालकाने द्यावा असे ठरले. ती दुरुस्ती १८ जानेवारी २०१० पासून लागू झाली. शेवटी २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात येऊन १९२३ चा कायदा रद्द झाला. तथापि त्याचा गाभा संहितेच्या सातव्या प्रकरणात जवळजवळ जसाच्या तसा उतरला आहे. तेव्हा ‘जुना कायदा गेला, आता आपण सुटलो’ असे कोणी मनात आणू नये.

आता मालकास सूट कोठे आहे ते पाहू, कारण वाचकांची पहिली पृच्छा तीच असणार.

घरची माणसे घरच्या शेतात राबतात तेथे मालक व चाकर हे नातेच नसते. तेथे कायद्याचा संबंध येत नाही. इर्जिक किंवा सावड घालून शेजारी एकमेकांचे काम उरकतात, मजुरी कोणी कोणास देत नाही, तेथेही तेच. सालगडी मात्र निःसंशय नोकर आहे, मग त्यास पैसे मिळोत की पैसे व धान्य मिळो. रोजंदारीचा मजूर एक दिवसापुरता आला असला तरी तो ज्या यंत्रावर उभा आहे ते परिशिष्टात असल्यास एका दिवसाची सबब चालत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपला गडी शेजाऱ्याच्या मळणीस दोन दिवस उसना देण्याची रीत गावोगाव आहे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे असा तात्पुरता दिलेला माणूस दुसऱ्याचे काम करीत असेतोपर्यंत तो दुसराच त्याचा मालक गणला जातो. म्हणजे ज्याच्या खळ्यावर हात गेला, जबाबदारी त्याची. गडी मागून नेणाऱ्याने हे जाणून न्यावे.

इजेमुळे तीन दिवसांहून अधिक काम बुडाले नाही तर भरपाई नाही. मजूर दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली असेल, सुरक्षिततेचा स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा यंत्रावरचे संरक्षक झाकण आपण होऊन काढले असेल, तर मालक भरपाई नाकारू शकतो. पण ह्या सवलतीवर फार विसंबू नये. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असता ह्यातील एकही सबब उपयोगी पडत नाही. आणि झाकण म्हणाल तर पुष्कळ मळणी यंत्रांवरील झाकण मजुराने नव्हे, पेंढी लवकर आत जावी म्हणून धन्यानेच काढून गोठ्यात टाकलेले असते. असे यंत्र चालवून पुन्हा मजुराच्या बेफिकिरीकडे बोट दाखविणे आम्हांस शोभत नाही, आणि न्यायासनापुढे ते टिकतही नाही.

कंत्राटाने काम दिले म्हणजे आपण मोकळे, ही आणखी एक समजूत. आपल्या धंद्याचा जो नेहमीचा भाग आहे असे काम कंत्राटदाराकडून करविले आणि आपल्या ताब्यातील जागेत अपघात झाला, तर मजूर मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो; मालकाने ती देऊन मग कंत्राटदाराकडून वसूल करावी, असा कायद्याचा क्रम आहे. मुकादमाकडे पैसे मोजले व टोळी त्याने आणली, एवढ्याने शेतमालक सुटत नाही. शेतकऱ्याने राहते घर गवंडी कंत्राटदाराकडून बांधून घेतले तर गोष्ट निराळी, कारण घरे बांधणे हा त्याचा धंदा नव्हे. विहिरीचे कंत्राट ह्या दोहोंच्या मध्ये पडते व तेथे वाद होतात. म्हणून विहीर देताना कंत्राटदाराचा विमा आहे की नाही हे आधी पाहावे, विमापत्राची नक्कल आपणांजवळ ठेवावी, आणि मगच सुरुंगास परवानगी द्यावी.

कामगार राज्य विम्याखाली जो कर्मचारी आहे त्याची भरपाई ते महामंडळ देते. त्याच्या मालकावर हा दुसरा बोजा पडत नाही. परंतु ती योजना हंगामी कारखान्यांस लागू नाही. सरकी काढण्याचे जिनिंग, रुई दाबण्याचे कारखाने, भुईमूग फोडणी, गूळ व साखर ही कामे पूर्वीपासून हंगामी ह्या सदरात गणलेली आहेत. तेव्हा कोल्हापूर-कराडकडील आमचे गुऱ्हाळवाले बंधू त्या छत्राखाली येत नाहीत. चरकात ऊस घालणारा, चुलवाणापुढचा जाळव्या, उकळत्या काहिलीवरचा गुळव्या ह्या सर्वांची जबाबदारी थेट गुऱ्हाळमालकाच्या अंगावर आहे.

आता रकमेकडे वळू. येथेच बहुतेकांचे अंदाज चुकतात. लोक दहावीस हजारांचा विचार करतात. कायदा लाखांत बोलतो.

समजा मजूर पस्तीस वर्षांचा आहे व त्याची मजुरी महिन्याकाठी १२,००० रुपये भरते. तो मृत्यू पावल्यास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम, म्हणजे ६,००० रुपये, त्याच्या वयास लागू असणाऱ्या गुणकाने गुणावयाची. पस्तिसाव्या वर्षाचा गुणक १९७.०६ आहे. गुणाकार ११,८२,३६० रुपये होतो. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर निम्म्याऐवजी शेकडा ६० धरावयाचे. ती रक्कम १४,१८,८३२ रुपये होते. मजूर जितका तरुण तितका गुणक मोठा: पंचविशीस २१६.९१, चाळिशीस १८४.१७. अवयव गेला तर कमाईची शक्ती किती गेली त्याचे शेकडेवारीचे कोष्टक आहे. तर्जनी मुळापासून गेल्यास १४, अंगठा गेल्यास ३०, चार बोटे गेल्यास ५०, सबंध पंजा गेल्यास ६०. वरील मजुराचा कडबा कुट्टीत केवळ अंगठा गेला तरी १४,१८,८३२ चे शेकडा ३०, म्हणजे सुमारे ४,२५,६५० रुपये देणे होते. पंजा गेला तर साडेआठ लाख.

हे कोष्टक म्हणजे कमाल मर्यादा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ओडिशातील एका सुताराचा डावा हात कामावरून पडल्यामुळे दंडातून कापावा लागला. कोष्टकाप्रमाणे शेकडा ७० होत होते. पण एका हाताने सुतारकाम होऊच शकत नाही, म्हणून त्याची कमाईची शक्ती पूर्ण गेली असे आयुक्तांनी ठरविले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ते कायम केले. त्याच निवाड्यात दुसरे सूत्र घातले गेले ते असे की, भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी. निकालाच्या दिवशी नव्हे.

इजा तात्पुरती असल्यास दर पंधरवड्यास मासिक वेतनाच्या चौथाईइतकी रक्कम द्यावयाची, जास्तीत जास्त पाच वर्षे. आमच्या उदाहरणात पंधरा दिवसांस ३,००० रुपये झाले. अपंगत्व २८ दिवस वा अधिक टिकले तर पहिल्या दिवसापासून, नाही तर तीन दिवस सोडून. औषधोपचाराचा खर्च वेगळा.

फवारणीचे विष अपघातात मोडते काय, असा प्रश्न विचारला जातो. फवारणीचे काम परिशिष्टात आहे. शिवाय सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषांची बाधा ही व्यवसायजन्य रोगांच्या यादीतही पूर्वीपासून आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ते अद्याप कोणी विसरले नसेल. त्या वेळी सर्वांचे लक्ष औषध कंपन्या, दुकानदार व सरकारी मदत ह्यांकडे होते. मजूर ज्याच्या शेतात फवारीत होता त्या शेतमालकाच्या कायदेशीर जबाबदारीची चर्चा फारशी ऐकू आली नाही. ती जबाबदारी तेव्हाही होती व आताही आहे. हातमोजे, तोंडावरचा पडदा व साबणपाणी देण्यास लागणारा खर्च ह्या दृष्टीने पाहावा.

कामावर येताना वाटेत अपघात झाला तर? ह्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाचा २०२५ च्या जुलै महिन्यातील निवाडा आपल्याच भागातला आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे हल्लीच्या धाराशिव, जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीस मोटारसायकलने निघाला असता कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. ही २००३ सालची गोष्ट. मागे विधवा, चार मुले व म्हातारी आई. खाली भरपाई मंजूर झाली, ३,२६,१४० रुपये व व्याज; उच्च न्यायालयाने ती रद्द केली; आणि सर्वोच्च न्यायालयाने बावीस वर्षांनी पुन्हा कायम केली. घरून कामावर जाण्याची वाट, स्थळ, वेळ व कामाचा संबंध दिसून आल्यास, कामाचाच भाग होय, असे त्यात ठरले. नव्या संहितेत तर तसे कलमच आहे. पहाटे पाण्याची पाळी धरण्यास निघणाऱ्या गड्याच्या बाबतीत ह्याचा अर्थ काय होतो, तो वाचकांनीच लावावा.

आता ज्या भागासाठी मुख्यत्वे हा लेख लिहिला त्याकडे येतो. गावात अपघाती मृत्यू झाला म्हणजे काय होते ते आम्ही पाहिलेले आहे. पोलीस पाटील येतो, पंचनामा होतो, आणि तेरावा उलटण्याच्या आत चार वजनदार मंडळी मध्ये पडून प्रकरण मिटवितात. पन्नास हजार वा लाख रुपये विधवेच्या हाती देऊन शंभराच्या मुद्रांकावर तिचा अंगठा घेतला जातो की, आता आमची काही मागणी राहिली नाही. धन्यास वाटते आपण माणुसकीही दाखविली व कायद्यातूनही सुटलो. त्याचा हेतू पुष्कळदा वाईट नसतो. पण कायद्याच्या दृष्टीने ह्या कागदाची किंमत शून्य आहे.

कारण मृत्यूची भरपाई वारसांच्या हाती परस्पर देताच येत नाही. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे, ज्यास पूर्वी आयुक्त म्हणत त्याच्याकडे, जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई दिली असे धरले जात नाही. फार तर तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम वळती मिळते. तसेच आपला हक्क सोडल्याचा करार मजुराने किंवा वारसांनी लिहून दिला तरी तो रद्दबातल समजला जातो. मृत्यू नसून अपंगत्व असेल व ठोक रकमेवर तडजोड करावयाची असेल, तर तीही प्राधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. रक्कम अपुरी वाटल्यास तो नोंद नाकारू शकतो.

आमच्या पाहण्यातील एका प्रकरणात अशीच तडजोड झाली होती. दीड वर्षाने विधवेचा भाऊ, जो तालुक्याच्या गावी राहत होता, तिला घेऊन वकिलाकडे गेला. दावा दोन वर्षांच्या मुदतीत आल्यामुळे दाखल झाला. धन्याने मुद्रांकाचा कागद पुढे केला, तो कोणी हातीही धरला नाही. पुढील चार वर्षे तारखा चालल्या व भरपाईवर व्याज चढत राहिले. वाचकांनी वरच्या उदाहरणावर हिशोब करून पाहावा. एका महिन्यात रक्कम भरली नाही तर दरसाल दर शेकडा १२ व्याज. चार वर्षांचे ५,६७,५३३ रुपये झाले. विलंबास योग्य कारण नसल्यास मुद्दलाच्या निम्म्यापर्यंत दंड, तो ५,९१,१८०. एकूण साडेतेवीस लाखांच्या घरात आकडा जातो. अपील करावयाचे तर रक्कम आधी भरा, असा जुन्या कायद्याचा दंडक होता.

आणि न भरल्यास? १९२३ च्या कायद्याच्या ३१ व्या कलमाने ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येत असे. त्या अन्वये आलेले वसुली दाखले आम्ही हाताळले आहेत. मागणीची नोटीस निघते, तलाठी सात-बाराच्या इतर हक्कांत बोजा चढवितो, मग जंगम मालाची जप्ती, आणि अखेर जमिनीची जप्ती व लिलाव. बोजा चढला की सोसायटीचे पीककर्ज अडते, विक्री अडते, वाटणीही अडते. वरील प्रकरणात दोन एकर बागायत विकून रक्कम भरावी लागली. त्या धन्यास दोष द्यावा तर त्याने लाख रुपये आपण होऊन दिले होते. न द्यावा तर मयताची पोरे शाळा सोडून ऊसतोडीस गेली होती. वेळीच विम्याचा हप्ता भरला असता तर दोन्ही घरे वाचली असती.

म्हणून विम्याचा विचार. आपल्याकडे कायद्याने मालकावर भरपाईची जबाबदारी टाकली आहे, पण ती निभावण्यासाठी विमा उतरलाच पाहिजे अशी सर्वसाधारण सक्ती ह्या प्रकरणात केलेली नाही. इंग्लंडात १९६९ च्या कायद्याने मालकांस असा विमा सक्तीचा झाला, जवळच्या नातलगांपुरती तेवढी सूट आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याची रीत निराळी. कॅलिफोर्नियात एक मजूर असला तरी विमा हवा, तर टेक्सासात खासगी मालकाच्या मर्जीवर आहे. आपल्याकडील स्थिती आमच्या मते शेतकऱ्यास सर्वांत घातक आहे. सक्ती नसल्यामुळे विमा कोणी घेत नाही, आणि जबाबदारी मात्र पुरी आहे.

एकच ठिकाणी सक्ती आहे ती वाहनास. ट्रॅक्टर हे मोटार वाहन आहे, व १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याच्या सक्तीच्या विम्यात पगारी चालकाची भरपाई येते. पण तेवढीच. मडगार्डवर बसून जाणारे मजूर त्यात येत नाहीत, कारण ट्रॅक्टरवर बैठक एकट्या चालकाची असते. ट्रॉलीतील मजुरांविषयीही हाच धोका आहे. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता व मजुरास अपघात झाला तो ट्रॉलीतून माती वाहताना. विमा कंपनी जबाबदार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मजुराच्या गरिबीकडे पाहून कंपनीने आधी पैसे द्यावे व ते मालकाकडून वसूल करून घ्यावे, असा हुकूम केला. म्हणजे अखेर भार मालकावरच आला. लग्नाच्या वऱ्हाडास ट्रॉली देणाऱ्यांनीही हे वाचून ठेवावे.

काही बंधू म्हणतील, सरकारी विमा योजना आहेत की. गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक माणूस ह्यांच्यासाठी आहे. मृत्यूस दोन लाख मिळतात. ज्याचे नाव सात-बारावर नाही त्या मजुरास तिचा उपयोग नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत १८ ते ७० वयाच्या कोणत्याही खातेदारास बँकेतून दोन लाखांचे संरक्षण मिळते. आपल्या सालगड्याचे वीस रुपये धन्याने भरावेत हे फार चांगले. परंतु त्या दोन लाखांनी धन्याची बारा लाखांची जबाबदारी फिटत नाही.

ती फिटते कर्मचारी भरपाई विम्याने. साधारण विमा कंपन्या हा विमा देतात. हप्ता कामाचा प्रकार, माणसांची संख्या व वर्षाची एकूण मजुरी ह्यांवर ठरतो. चारपाच शेतकऱ्यांनी मिळून यंत्र घेतले असल्यास किंवा सोसायटीने अवजारे भाड्याने देण्याचे केंद्र चालविले असल्यास तो सोसायटीच्या नावे घेणे सोयीचे. घेताना काही गोष्टी विचारून घ्याव्यात. औषधोपचाराचा खर्च व व्यवसायजन्य रोग पुष्कळदा जादा हप्ता भरल्यावाचून येत नाहीत. फवारणी करविणाऱ्याने हे दोन्ही घ्यावेत. मुकादमाच्या टोळीतील मजूर हवे असल्यास तसा उल्लेख करवून घ्यावा. यंत्राने मळणी होते हे लपवून ‘सामान्य शेतकाम’ लिहविले तर हप्ता थोडा वाचतो, आणि नेमक्या वेळी कंपनी अंग काढून घेते. दंडाची रक्कम विमा कंपनी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली भरपाई व व्याज कंपनीवर व दंड मालकावर असे स्पष्ट केले आहे. तेव्हा विमा असला तरी रक्कम वेळेवर भरली जाते की नाही ह्यावर धन्याने लक्ष ठेवले पाहिजे.

हजेरीपट ठेवण्याचा कंटाळा करू नये. एका साध्या वहीत तारीख, मजुराचे नाव, वय, काम व दिलेली मजुरी एवढे लिहून मजुराची सही वा अंगठा घेतला म्हणजे पुरे. ती वही नसली म्हणजे मजुरी किती होती हा वाद साक्षीदारांच्या तोंडी जातो, आणि त्याच भागात तशाच कामास मिळणारी मजुरी धरून हिशोब होतो. सालगड्यास धान्य देत असल्यास त्याची किंमतही तेथेच लिहावी.

अपघात घडलाच तर आधी दवाखाना, त्यातही सरकारी रुग्णालयातील कागद करून घ्यावा. मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असता मालकाने सात दिवसांत लेखी कळविण्याची तरतूद जुन्या कायद्यात होती व संहितेतही आहे. विमा कंपनीस त्याच दिवशी कळवावे. कबूल असलेली रक्कम ताबडतोब जमा करावी व उरलेल्यापुरता वाद करावा, म्हणजे त्या भागावर व्याज व दंड चढत नाही. आपल्या राज्यात जुन्या कायद्याखालील दावे कामगार न्यायालयात, व ते नसेल तेथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालत आले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वी घडलेल्या अपघातांस जुनाच कायदा लागतो. यंत्राची मळणी सुरू होण्याच्या निदान पंधरा दिवस आधी विमापत्र हाती पडेल अशा बेताने अर्ज करावा, कारण हप्ता भरण्यापूर्वी गेलेल्या हाताचे पैसे कोणतीच कंपनी देत नाही.